शुद्धीकरण पाण्याचे झाले, वाटपाचे कधी होणार?

20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली आपले लोक महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर तिथल्या सनातन्यांनी ते तळे ‘शुद्ध’ करून घेतले. शेण, गोमूत्र, दूध आणि दही भरलेल्या 108 घागरी मंत्रोच्चारात तळ्यात सोडल्या गेल्या. गुरे प्यायली तर पाणी बाटत नव्हते, माणूस प्यायला की बाटत होते. पाण्याच्या ‘शुद्धीकरणा’चा हा इतिहास आंबेडकरी कार्यकर्त्याने कधीच विसरता कामा नये.

आज शुद्धीकरण हा शब्द महापालिकेच्या निविदांमध्ये दिसतो. मुंबईत भांडुप येथे 2000 दशलक्ष लिटर क्षमतेचे नवे जलशुद्धीकरण केंद्र उभारण्याचे काम महापालिकेने हाती घेतले आहे. खर्च चार हजार कोटींहून अधिक आहे. शहराची लोकसंख्या वाढली, मागणी वाढली, जुने केंद्र थकले, म्हणून नवे हवे, असे सांगितले जाते. हे म्हणणे चुकीचे नाही. पण ते अपुरे आहे आणि उरलेले अर्धे म्हणणे आपल्यालाच मांडावे लागणार आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. या केंद्राला आमचा विरोध नाही. मोठ्या सार्वजनिक कामांना डोळे झाकून विरोध करणे हा आमचा वारसाच नाही. 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी दामोदर खोरे प्रकल्पाची पायाभरणी केली आणि देशाच्या जलधोरणाला दिशा दिली. धरण, वीज, कालवा यांतून सामान्य माणसाचे जगणे बदलले पाहिजे, ही त्यांची दृष्टी होती. म्हणून आमचा प्रश्न केंद्र हवे की नको असा नाही. त्यातून निघालेले पाणी कोणाच्या घरी जाणार, हा आमचा प्रश्न आहे.

भांडुपचे जुने 1910 दशलक्ष लिटरचे केंद्र 1979 च्या सुमाराचे आहे. तिथेच 900 दशलक्ष लिटरचे दुसरे केंद्र नंतर झाले. 18 जुलै 2021 च्या पहाटे मुसळधार पावसाचे पाणी भांडुप संकुलात शिरले, यंत्रणा बंद पडली, शहराच्या मोठ्या भागाचा पुरवठा कोलमडला आणि पाणी उकळून प्या असे पालिकेला सांगावे लागले. एका केंद्रावर किती अवलंबून राहतो हे त्या दिवशी सगळ्यांना कळले. म्हणून नवे केंद्र गरजेचेच आहे. मात्र हे 2000 चे केंद्र मुख्यतः 1910 च्या जुन्या केंद्राची जागा घेणार आहे. केंद्र झाले की सगळ्यांचे नळ धो धो वाहतील, असे जर कोणी वस्तीत येऊन सांगत असेल, तर त्याला ही वजाबाकी करून दाखवा.

आता केंद्रात काय होते ते पाहू. धरणातून आलेल्या पाण्यात तुरटीसारखे रसायन मिसळतात, गाळ खाली बसतो, वाळूच्या थरांतून पाणी गाळले जाते, शेवटी क्लोरिन दिले जाते. या प्रक्रियेला जात कळत नाही. भांडुपहून निघणारे पाणी मलबार हिलसाठी आणि गोवंडीसाठी सारखेच शुद्ध असते. भेद सुरू होतो तो त्यानंतर.

पालिकेच्या नियोजनात इमारतीतल्या माणसासाठी दिवसाला 135 लिटर आणि झोपडपट्टीतल्या माणसासाठी 45 लिटर हा हिशेब वर्षानुवर्षे चालत आला आहे. म्हणजे तीनास एक. हा भेद कुठल्या धर्मग्रंथात लिहिलेला नाही, तो अभियंत्यांच्या तक्त्यात आहे, एवढाच फरक. बांधकाम मजुराला, सफाई कामगाराला, दिवसभर घामाने निथळणाऱ्या बाईला कमी पाणी लागते, असे कोणते शास्त्र सांगते? झोपडपट्टीत कोण राहतो हे समाजशास्त्राचे पुस्तक न उघडताही कळते. 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातून आलेला आपला माणूस इथेच उतरला. गाव सोडताना त्याने गावकुस सोडले, पण शहराने त्याला पाइपाच्या शेवटच्या टोकाला नेऊन बसवले.

टोकाला पाणी कमी पोहोचते आणि खराबही होते. पुरवठा दिवसातून दोन-तीन तास असेल तर उरलेला वेळ पाइप रिकामा राहतो. आत दाब नसतो. वस्तीतले अनेक पाइप गटाराच्या कडेने, कधी गटारातूनच गेलेले असतात. जिथे भोक असेल तिथून घाण आत ओढली जाते. दुसऱ्या दिवशी चावीवाल्याने व्हॉल्व्ह उघडला की पहिला हंडा त्याच पाण्याचा भरतो. भांडुपला कोट्यवधी खर्चून केलेले शुद्धीकरण वस्तीत पोहोचता पोहोचता वाया जाते आणि पोरगं जुलाबाने आजारी पडले की दोष आईच्या ‘अस्वच्छते’ला दिला जातो. केंद्राची क्षमता वाढवायची आणि शेवटच्या दोनशे मीटरचा पाइप तसाच ठेवायचा, याला आम्ही विकास म्हणत नाही.

यावर ठरलेले उत्तर मिळते : आधी पाणी वाढू द्या, मग वाटपाचे बघू. हे उत्तर हिशेबाला टिकत नाही. 2011 च्या जनगणनेनुसार मुंबईत सुमारे 52 लाख लोक झोपडपट्टीत राहत होते. त्या प्रत्येकाला 45 ऐवजी 135 लिटर द्यायचे तर माणशी 90 लिटर जादा लागतील. 52 लाख गुणिले 90 म्हणजे सुमारे 468 दशलक्ष लिटर. शहराला रोज 3900 दशलक्ष लिटरच्या आसपास पाणी पुरवले जाते आणि त्यातला चौथ्या हिश्श्याहून अधिक भाग गळती, चोरी आणि बेहिशेबीत जातो, हे पालिकाच मान्य करत आली आहे. चौथा हिस्सा धरला तरी 975 दशलक्ष लिटर होतात. त्यातले निम्मे वाचवले तरी सगळ्या झोपडपट्ट्यांना इमारतीइतके पाणी देता येते. तुटवडा पाण्याचा आहे, पण त्याहून मोठा तुटवडा इच्छेचा आहे.

आणि पाणी वाढवायचे म्हणजे कुठून आणायचे? त्यासाठी गारगाई धरण पुढे केले जाते. पालघर जिल्ह्याच्या वाडा तालुक्यात, तानसा अभयारण्याच्या जंगलात, 440 दशलक्ष लिटरसाठी आदिवासींची गावे उठवली जाणार आणि लाखो झाडे जाणार. मलबार हिलचा ब्रिटिशकालीन जलाशय नव्याने बांधायचे ठरले, तेव्हा तिथल्या रहिवाशांनी झाडांसाठी आवाज उठवला आणि तज्ज्ञांची समिती नेमली गेली. झाडे वाचावीत हे आम्हालाही वाटते. पण वाड्याच्या आदिवासीने आवाज उठवला तर त्याला विकासविरोधी का म्हणतात? तानसा, भातसा ही धरणे ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर लागतो. वस्तीतल्या बौद्धाची तहान दाखवून पाड्यावरच्या आदिवासीचे गाव बुडवायचे, हा डाव आपण ओळखला पाहिजे. आमच्या नावाने तुमचे गाव बुडवू नका, हे सर्वात आधी आपणच म्हटले पाहिजे.

दुसरा आक्षेप ‘बेकायदा’ झोपड्यांचा. 1996 च्या सरकारी परिपत्रकाने 1995 नंतरच्या अनधिकृत वस्त्यांचे पाणी रोखले. पाणी हक्क समितीने उच्च न्यायालयात दाद मागितली. 15 डिसेंबर 2014 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की पाणी हा संविधानाच्या कलम 21 मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, झोपडी बेकायदा असली तरी माणसाला पाणी नाकारता येत नाही. न्यायालयाने इमारतीइतकेच पाणी द्या असे मात्र म्हटले नाही. पुढे 2022 मध्ये पालिकेने ‘सर्वांसाठी पाणी’ धोरण आणले. तरीही ज्यांना जोडणी नाही ते आजही हंड्यामागे, कॅनमागे पैसे मोजतात आणि लिटरचा भाव काढला तर इमारतीतल्या माणसाच्या अनेक पट देतात. गरिबाला पाणी फुकट हवे असते, हा आरोप इथेच संपतो.

शेवटी चार शब्द आपल्या माणसांशी. पाणी हा ‘नागरी प्रश्न’ आहे, चळवळीचा नाही, असे आपल्यातलेच काही म्हणतात. मित्रांनो, 1923 साली बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठे कागदावर खुले केले होते. 1924 साली महाडच्या नगरपालिकेने तसा ठरावही केला. तरी पाणी मिळाले नाही, म्हणून 1927 उजाडावे लागले. ऑगस्ट 1927 मध्ये नगरपालिकेने तो ठराव फिरवला आणि तळ्याचा खटला 1937 च्या मार्चमध्ये उच्च न्यायालयात जिंकेपर्यंत आणखी दहा वर्षे गेली. ठराव आणि नळ यांच्यातले अंतर संघटित माणसेच भरून काढतात, हे महाडने शिकवले. दर 20 मार्चला महाडला जाणारे आपण, वर्षातून किती वेळा वॉर्ड ऑफिसच्या पाणी खात्यात जातो?

म्हणून आमच्या मागण्या : नव्या केंद्राचे पाणी कोणत्या विभागाला किती जाणार, हे केंद्र सुरू होण्याआधी जाहीर करा. 45 आणि 135 हा भेद नियोजनातून काढून टाका. वस्तीतले गटारातले पाइप आधी बदला. गळती थांबवल्याशिवाय गारगाईचे नाव काढू नका.

आणि आपले काम : प्रत्येक वस्तीत पाण्याची एक वही ठेवा. पाणी किती वाजता आले, किती वेळ आले, रंग-वास कसा होता, कोण आजारी पडले, हे रोज लिहा. वही बायांच्या हातात द्या, कारण पाण्याचा खरा हिशेब त्यांनाच ठाऊक असतो. तीन महिन्यांची वही घेऊन माहिती अधिकारात विभागाचा पुरवठा मागा आणि दोन्ही आकडे शेजारी मांडा. मग अधिकाऱ्याला उत्तर द्यावेच लागेल.

जय भीम!