एकाच धरणाचे दोन काठ

लोकशाही म्हणजे पाच वर्षांतून एकदा बोटाला शाई लावून घेणे, अशी आपल्यापैकी पुष्कळांची समजूत आहे. निवडून आलेल्यांनी कारभार करावा व इतरांनी गप्प बसावे. मध्येच रस्त्यावर येणारा तो आडमुठा! ही समजूत मला घातक वाटते. त्याचे कारण आपल्या उशाशीच आहे.

२०१३ च्या दुष्काळात उजनीचे पाणी सोडावे म्हणून सोलापूर जिल्ह्यातील शेतकरी प्रभाकर देशमुख मुंबईच्या आझाद मैदानावर पन्नासहून अधिक दिवस उपोषणाला बसले होते. ६ एप्रिलला इंदापूर तालुक्यातील निंबोडीच्या सभेत तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी त्यांची खिल्ली उडवली. महाराष्ट्रभर संताप उसळला. पवारांनी माफी मागितली आणि १४ एप्रिलला कराडला यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी आत्मक्लेश उपोषण केले. मतपेटीने दिलेल्या सत्तेलाही मधल्या काळात जनतेला जाब द्यावा लागतो, तो असा.

परंतु एक कबुली दिली पाहिजे. ते भाषण मी पुढे पुष्कळ वर्षांनी मोबाईलवर पाहिले, तेव्हा मलाही हसू आले होते. उपाशी बसलेला माणूस 'तिकडचा' होता ना!

मग २०२१ साल आले. उजनीत येणाऱ्या सांडपाण्यातून पाच टीएमसी पाणी इंदापूरसाठी उचलण्याचा आदेश निघाला. सोलापूरकर पेटून उठले आणि मे महिन्यात तो आदेश रद्द झाला. आता आपले लोक संतापले. उजनीसाठी इंदापूर तालुक्याने आपली गावे व काळी जमीन पाण्याखाली जाऊ दिली, तरी आमचीच शिवारे कोरडी का, हा त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. पण तहानेने व्याकूळ झालेल्या सोलापूरकराचा प्रश्न तरी खोटा कसा म्हणावा? 'आपले' ते आंदोलन आणि 'त्यांचा' तो हट्ट, हे माप लोकशाहीचे नव्हे.

आंदोलन सत्तेला ऐकायला भाग पाडते; धरणातले पाणी मात्र ते वाढवीत नाही. म्हणून घोषणेबरोबर हिशेबही मागितला पाहिजे: उसाला किती, पिण्याला किती, कोणत्या गावाला किती? हा हिशेब दोन्ही काठांच्या विद्यार्थ्यांनी एकत्र बसून का मागू नये?

मोर्चात जरूर जावे. पण पलीकडच्या काठावरून येणाऱ्या मोर्चाला हसू नये. निदान मी तरी यापुढे हसणार नाही.