लावलंच नाही, तर उतरवायचं काय?

दिवाळीच्या सुट्टीत माझी धाकटी भाची आमच्याकडे राहायला आली. नुकतीच अकरावीत गेलीय. बॅगेत पुस्तकं दोन आणि बाटल्या सात! पहिल्याच रात्री बाथरूमचं दार लागलं ते उघडेचना. बाहेर तिचे काका खांद्यावर टॉवेल टाकून ताटकळलेले. शेवटी मीच हाक मारली, ‘‘अगं, झालं का तोंड धुऊन?’’ आतून उत्तर आलं, ‘‘मावशी, एकदाच झालंय. दुसऱ्यांदा राहिलंय!’’

तर मैत्रिणींनो, याला म्हणतात डबल क्लिन्झिंग. आधी तेलकट क्लिन्झरने चेहरा चोळायचा, तो धुवायचा आणि मग फेसवॉशने पुन्हा धुवायचा. कोरियातल्या मुलींचे चेहरे काचेसारखे चमकतात ते यामुळेच, असं भाचीने मला ऐकवलं. ही तर सकाळी, कॉलेजातून आल्यावर आणि रात्री, असं तीन वेळा करत होती. म्हणजे दिवसातून सहा वेळा चेहरा धुणं!

चौथ्या दिवशी अंगणातल्या उन्हात तिचा चेहरा नीट पाहिला आणि माझ्या पोटात कालवलं. गाल लालबुंद, नाकाच्या कडेला पापुद्रे सुटलेले, हसली तरी कातडी ताणायची. साधं क्रीम लावलं तरी ‘चुरचुरतंय’ म्हणायची. आणि यावरून तिने काढलेला अर्थ काय? तर चेहरा अजून पुरता स्वच्छ होत नाहीये. म्हणून आणखी धुवायचं!

तिला घेऊन तडक लातूर गाठलं. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘‘दिवसभर चेहऱ्याला लावतेस काय?’’

‘‘काहीच नाही. फक्त स्वच्छ ठेवते.’’

‘‘मग दोनदा धुऊन उतरवतेस काय?’’

भाची गप्प. खरं सांगते, मीही गप्प.

कारण या पद्धतीचं सगळं इंगित त्या एका प्रश्नात आहे. ती आलीच मुळी ‘उतरवण्यासाठी’. जपानमधल्या गेईशा चेहऱ्यावर मेणचट तेलाचा हात फिरवून त्यावर पांढरा रंग चढवत. तो नुसत्या पाण्याने कसा निघणार? शू उएमुरा या जपानी मेकअप कलावंताने हॉलिवूडच्या नटनट्यांचे चेहरे रंगवले आणि पुढे १९६७मध्ये जपानच्या बाजारात क्लिन्झिंग ऑइल आणलं. त्यानंतर कितीतरी वर्षांनी कोरियाचं ते दहा पायऱ्यांचं रूटीन जगभर पोचलं. त्यातल्या पहिल्या दोन पायऱ्या म्हणजे हेच दोनदा धुणं. आपल्याकडच्या नाटकवाल्यांना, तमाशातल्या कलावंतांना हे कुणी शिकवावं लागलं नाही. खेळ संपला की खोबरेल तेलाने रंग पुसायचा आणि मग साबणाने तोंड धुवायचं. फणसाचा चीक हाताला लागला तर आपण काय करतो? तेलच लावतो ना? तेलकट, चिकट गोष्ट तेलातच विरघळते, एवढं साधं आहे हे.

पण ज्या चेहऱ्यावर रंग नाही, वॉटरप्रूफ काजळ नाही, घट्ट सनस्क्रीन नाही, तिथे ते तेल आणि तो फेस काय शोधत बसणार? मग ते त्वचेचं स्वतःचं तेलच काढून नेतात. आपली त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तिचा पीएच साधारण पाचच्या आसपास. अंगाच्या साध्या साबणाचा नऊ ते दहा. त्वचेचा वरचा थर म्हणजे विटांची भिंत समजा आणि त्यातले स्निग्ध पदार्थ म्हणजे सिमेंट. सारखं धुऊन सिमेंट खरवडलं की भिंत कोरडी पडते, चिरते आणि मग कुठलंही क्रीम चुरचुरायला लागतं. भाचीचं नेमकं हेच झालं होतं. त्यात आमच्याकडचं बोअरचं जड पाणी. साबणाचा धड फेस होत नाही आणि त्याचा चिकट थर कातडीवर राहतो तो वेगळाच. शिवाय २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेलं लातूर आम्ही पाहिलंय. विनाकारण ओतलेला प्रत्येक तांब्या आमच्या डोळ्यांना दिसतोच.

आता कुणी म्हणेल, ‘अहो, दिवाळीला आपण आधी तेल आणि मग उटणं लावतोच की. आपल्या आज्ज्यांना सगळं ठाऊक होतं!’ थांबा जरा. अभ्यंगस्नान हा सणाचा सोहळा, तो काही दिवसातून तीनदा करत नाहीत. मुरमं येणाऱ्या चेहऱ्यावर खोबरेल तेलाने छिद्रं बुजून मुरमं वाढू शकतात. आणि सोललेल्या गालावर बेसन घासणं म्हणजे जखमेवर मीठच. कोरियाचं म्हणून उचलू नका, तसं आजीचं म्हणूनही डोळे झाकून उचलू नका.

पण मला खरा चटका बसला तो त्या रात्री. दिवा मालवल्यावर भाची हळूच म्हणाली, ‘‘मावशी, ताईच्या लग्नात एक आत्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, नाकीडोळी छान आहे, रंग तेवढा उजळायला हवा होता. मला वाटलं, नीट स्वच्छ केला तर उजळेल.’’

म्हणजे ही पोर चेहरा धूत नव्हती, रंग धूत होती. बायांनो, रंग म्हणजे मळ नव्हे. तो मेलॅनिनने येतो, त्वचेच्या आतल्या थरात तयार होतो. कितीही बाटल्या ओता, तो वाहून जाणार नाही. आपणही किती सहज म्हणतो, ‘हिचा रंग स्वच्छ आहे.’ गोऱ्याला स्वच्छ म्हटलं की सावळ्याला आपण काय म्हटलं? मुली हे ऐकतात आणि मग बाथरूमचं दार लावून स्वतःला घासत बसतात. बाटल्या विकणाऱ्यांना दोष देऊच, पण त्यांचं गिऱ्हाईक आपल्याच ओसरीवर तयार होतं.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. आमच्या शेजारची सून साड्यांच्या दुकानात काउंटरला असते. मालकाची ताकीदच आहे, मेकअप करूनच यायचं. फाउंडेशन, लिपस्टिक, काजळ, दहा-दहा तास. रात्री घरी आली की थेट स्वयंपाकाला. जेवणं, भांडी, मुलाचा अभ्यास, आणि मग तशीच आडवी. एकदा आरशासमोर जरा जास्त उभी राहिली तर सासूबाई म्हणाल्या, ‘‘आता रात्रीचं कुणाला दाखवायचंय?’’ हनुवटीवर बारीक पुटकुळ्या उठल्या तेव्हा मला म्हणाली, ‘‘काकू, मला ती पाच मिनिटंसुद्धा मिळत नाहीत हो.’’

माझं म्हणणं एवढंच आहे. हे दोनदा धुणं भाचीला नको होतं आणि शेजारच्या सुनेला हवं होतं. जिला नको तिने ते लोकांच्या बोलण्यापायी केलं आणि जिला हवं तिला ते लोकांच्या बोलण्यापायी करता आलं नाही. दोघींच्या चेहऱ्यावर हक्क मात्र दुसऱ्यांचाच!

म्हणून रात्री आरशासमोर उभं राहून स्वतःलाच विचारा, आज मी काय लावलं होतं? मेकअप, वॉटरप्रूफ काजळ किंवा घामाने न निघणारं सनस्क्रीन लावलं असेल, तर रात्री एकदा दोनदा धुवा. कोरड्या हाताने कोरड्या चेहऱ्यावर क्लिन्झिंग ऑइल किंवा बाम मिनिटभर हलकेच फिरवा. मग ओला हात फिरवा, ते दुधासारखं पांढरं होऊन पाण्याबरोबर निघून जाईल. स्वयंपाकघरातलं तेल असं निघत नाही, हाच दोन्हींतला फरक. त्यानंतर सौम्य फेसवॉश, कोमट पाणी आणि चेहरा टिपून क्रीम. काहीच लावलं नसेल तर सौम्य फेसवॉशने एकदा धुतलं की पुरे. सकाळी कोरड्या त्वचेला नुसतं पाणीही चालतं. चुरचुर, लाली राहिली तर नवी बाटली नको, डॉक्टर गाठा.

भाचीच्या सातातल्या पाच बाटल्या माझ्या कपाटात पडून आहेत. गाल निवायला तीन-चार आठवडे लागले. तेलकट क्लिन्झरची बाटली मी शेजारच्या सुनेला दिली आणि सासूबाईंच्या समोरच दिली. ‘‘भांडी पाच मिनिटं उशिरा घासली तर चालतील ना हो?’’ असंही विचारून घेतलं. त्या काही बोलल्या नाहीत. पण परवा रात्री त्यांच्या न्हाणीघरातला दिवा जरा जास्त वेळ जळत होता आणि नळाखाली भांड्यांचा आवाज येत होता. भांडी सासूबाई घासत होत्या.