सल्ला देणार नाही, पुस्तक दाखवते

गेल्या वर्षी सॅन होजेमधलं जुनं अपार्टमेंट सोडलं आणि तिथल्या मालक कंपनीने माझं डिपॉझिट अडकवलं. कार्पेटवर डाग, भिंतीला भोकं आणि 'इतर' नावाचा एक गूढ आकडा. दोन महिने नुसती ईमेला-ईमेली चालली होती. शेवटी हापिसातला एक जण म्हणाला, "वकील कशाला करतोस? काउंटीची लॉ लायब्ररी असते, तिथे जा की." कॅलिफोर्नियात प्रत्येक काउंटीत सामान्य माणसाला खुली असलेली कायद्याची लायब्ररी असते, हे मला इथे चार वर्षं राहून माहीत नव्हतं. मग एका शुक्रवारी अर्धी रजा टाकून गेलो.

काउंटरवर साठीच्या आसपासच्या एक बाई होत्या. मी माझं सगळं रडगाणं गायलं आणि शेवटी विचारलं, "मग मी जिंकेन ना?"

"ते मी सांगू शकत नाही. सल्ला देणं माझं काम नाही. पण तुझा प्रश्न ज्या पानावर आहे ते पान दाखवते."

आणि त्यांनी दिवाणी संहितेचं कलम १९५०.५ काढून दिलं. घर सोडल्यापासून २१ दिवसांत मालकाने डिपॉझिट परत करायचं किंवा कापलेल्या पैशांचा तपशीलवार हिशेब द्यायचा, असं तिथे लिहिलेलं होतं. खरं सांगायचं तर मला थोडा रागच आला. आमच्या धंद्यात कोणी "मॅन्युअल वाच" म्हणालं की ते प्रेमाने म्हटलेलं नसतं. निघताना विचारलं, "सगळ्यांना असंच सांगता का?"

बाई हसल्या. "इथे सोपं आहे रे. याआधी मी राज्याच्या तुरुंगात लॉ लायब्ररियन होते. तिथे हेच वाक्य जन्मठेपवाल्याला सांगायला लागायचं."

आपल्यापैकी बहुतेकांना तुरुंगातली लायब्ररी माहीत असते ती 'शॉशँक रिडेम्प्शन'पुरती. त्यामुळे माझी उत्सुकता चाळवली. नंतर दोन-तीनदा कॉफीवर बाईंना बरंच पिडलं. त्यांनी एकाही कैद्याचं नाव किंवा खटला सांगितला नाही, पण काम कसं चालतं ते मात्र भरपूर सांगितलं. तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही, म्हणून हा लेख.

तर लॉ लायब्ररियन तिथे करतो काय? कॅलिफोर्नियाच्या तुरुंगांत नियम असा आहे की ज्याची कोर्टाची तारीख किंवा मुदत ३० दिवसांच्या आत आहे त्याला लायब्ररीत अग्रक्रम. त्याला आठवड्याला किमान चार तास, बाकीच्यांना दोन, तेही सोय असेल तसे. म्हणजे लायब्ररियनची सकाळ कोणाची मुदत कधी संपते याचा ताळा जमवण्यात जाते. मग अर्जांचे फॉर्म देणं, कोर्टात जाणाऱ्या कागदांच्या प्रती काढणं, पुस्तक कसं बघायचं ते शिकवणं. पट्ट्याला धोक्याची घंटा लावलेली असतेच. मध्येच कुठल्या बराकीत मारामारी झाली की सगळा तुरुंग बंद आणि लायब्ररीही बंद. कोर्टाची मुदत मात्र चालूच.

यातल्या 'शिकवणं' या भागाने मला इंजिनियर म्हणून गार केलं. अमेरिकन कायद्याच्या जाड पुस्तकांच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून एक खाच असते. वर्षभरातले बदल छापलेली पातळ पुरवणी त्या खाचेत खोचतात. थोडक्यात, पॅच! कोणी ती पुरवणी फाडून नेली, तर पुढचा वाचणारा जुन्या व्हर्जनवर चालतो आणि त्याला पत्ताही नसतो. दुसरी गंमत म्हणजे शेपर्ड. १८७३ मध्ये फ्रँक शेपर्ड नावाच्या माणसाने इलिनॉयमध्ये एक धंदा सुरू केला. एखाद्या निकालाचा उल्लेख पुढच्या कुठल्या निकालांत आला ते छापलेल्या चिकटपट्ट्या तो विकायचा आणि वकील त्या पुस्तकाच्या समासात डकवायचे. चक्क डिपेन्डन्सी ट्री, तोही डिंकाने चिकटवलेला. आज हे संगणकावर होतं, पण प्रश्न तोच आहे. ज्या निकालावर तू तुझी सगळी मदार ठेवली आहेस, तो अजून जिवंत आहे की नंतर कोणी उलटवला? आठवीत शाळा सुटलेल्या माणसाला हे शिकवायचं, दोन तासांत.

आणि सल्ला द्यायचा नाही. "हा फॉर्म कुठे मिळेल" याचं उत्तर द्यायचं, "मी हा फॉर्म भरू का" याचं नाही. मला वाटलं, हा सरकारी कोरडेपणा आहे. बाई म्हणाल्या, "मी चुकले तर शिक्षा कोण भोगणार? आणि मला पगार कोण देतं? ज्या खात्याविरुद्ध तो अर्ज लिहितोय तेच." कैद्यांना वाटायचं बाई पहारेकऱ्यांच्या, पहारेकऱ्यांना वाटायचं बाई कैद्यांच्या. दोघांनाही असंच वाटत राहावं, म्हणजे आपलं काम नीट चाललंय, असं त्यांचं गणित होतं.

पण तुरुंगात ही लायब्ररी आली कुठून? कोणाच्या दयेने नाही. १९६३ च्या गिडियन खटल्यापासून अमेरिकेत गंभीर गुन्ह्याच्या आरोपीला पैसे नसले तर सरकारी खर्चाने वकील मिळतो. (तो मूळ अर्जही गिडियनने तुरुंगातून पेन्सिलीने लिहिला होता.) पण पहिलं अपील झालं की राज्यघटनेने दिलेला हा वकिलाचा हक्क संपतो. त्यापुढे तू, तुझी पेन्सिल आणि कोर्ट. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दुसरी सोय नसेल तर एका कैद्याने दुसऱ्याला अर्ज लिहून द्यायला तुरुंग बंदी घालू शकत नाही. १९७७ मध्ये बाउंड्स खटल्यात न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी पुढचं पाऊल टाकलं. राज्याने कैद्यांना पुरेशी लॉ लायब्ररी द्यावी किंवा कायदा शिकलेल्या माणसांची मदत द्यावी.

१९९६ मध्ये काटा उलट फिरला. लुइस विरुद्ध केसी खटल्यात त्याच न्यायालयाने म्हटलं की लायब्ररीचा असा स्वतंत्र हक्क नाही. लायब्ररी अपुरी आहे एवढं सांगून भागणार नाही, तिच्यामुळे तुझा दखल घेण्याजोगा दावा अडला, हे दाखव. आता गंमत बघा. दावा दखल घेण्याजोगा होता हे दाखवायला कायदा कळायला हवा, आणि कायदा कळायला लायब्ररी हवी. कीबोर्ड चालत नाही हाच बग आहे, आणि बग रिपोर्ट टाईप करून पाठवा म्हणतात! ॲरिझोनाने, जिथून हा खटला आला होता, त्यानंतर बहुतेक तुरुंगांतल्या लॉ लायब्रऱ्या बंद केल्या. आणि त्याच १९९६ मध्ये काँग्रेसने कायदा केला की राज्याच्या कैद्याला फेडरल कोर्टात हेबियस अर्ज करायला एक वर्षाची मुदत. एका हाताने घड्याळ लावलं, दुसऱ्या हाताने कॅलेंडर काढून घेतलं.

घड्याळ म्हणजे काय ते हॉलंड विरुद्ध फ्लोरिडा या २०१० च्या खटल्यात दिसतं. अल्बर्ट हॉलंड हा खुनासाठी मृत्युदंड झालेला कैदी. कोर्टाने नेमलेल्या वकिलाला तो पत्रांवर पत्रं लिहीत होता: माझी मुदत संपत आलीय, अर्ज वेळेत करा. वकील बदलून द्या म्हणून त्याने कोर्टाला सांगून पाहिलं, कोर्टाने ऐकलं नाही. १८ जानेवारी २००६ ला तुरुंगाच्या लायब्ररीत काम करत असताना त्याला कळलं की फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याचं प्रकरण कित्येक आठवड्यांपूर्वीच निकालात काढलंय. वकिलाने कळवलंच नव्हतं. त्याने तिथल्या तिथे स्वतःचा अर्ज लिहिला आणि दुसऱ्या दिवशी टपालात टाकला. मुदत तोपर्यंत उलटून गेली होती. मुदत कशी मोजायची याबद्दल वकिलाचं म्हणणं चूक होतं आणि कैद्याचं बरोबर. शेवटी सात विरुद्ध दोन मतांनी सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की अशा असाधारण परिस्थितीत मुदत शिथिल होऊ शकते.

हॉलंड चांगला माणूस होता असं मी अजिबात म्हणत नाहीये. मुद्दा एवढाच, की त्याला मारायचं की नाही हे ज्या कायद्याने ठरणार होतं, तो कायदा त्याला वाचता आला.

हे सगळं मी रूममेटला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "आपल्या टॅक्सच्या पैशांनी गुन्हेगारांना लायब्रऱ्या? हे लोक पीनट बटरवरून केस करतात!" हा किस्सा इथे बऱ्याच जणांना माहीत असतो. नव्वदच्या दशकात, कैद्यांच्या दाव्यांना चाप लावणारा कायदा आणताना, तो भरपूर फिरवला गेला: खरबरीत मागितलं, गुळगुळीत मिळालं, म्हणून कैद्याने दावा लावला. जॉन न्यूमन या अपील न्यायाधीशांनी १९९६ मध्ये मूळ कागद उघडून पाहिले. चुकीची बरणी परत घेतली गेली होती, पण तिचे अडीच डॉलर खात्यातून कापलेलेच राहिले, आणि कैद्याची दुसऱ्या तुरुंगात बदली झाली. भांडण चवीचं नव्हतंच, कापलेल्या पैशांचं होतं. मी रूममेटला एवढंच विचारलं, "आणि मी डिपॉझिटसाठी काय करतोय?"

मूर्ख दावे येतात हे खरंच आहे. बाईही म्हणाल्या, भरपूर येतात. पण मूर्ख दावे कमी करायचे असतील तर लायब्ररियन काढून कसं चालेल? "हे बघ, याच मुद्द्यावर आधीचे अर्ज फेटाळलेत" असं लिहिलेलं पान दाखवणारं माणूस तेच तर असतं.

आता माझी चूक सांगतो. पहिल्याच कॉफीला मी बाईंना म्हणालो होतो, "कशाला एवढा खटाटोप? टॅब्लेट द्या, त्यात सर्च द्या." त्या म्हणाल्या, बऱ्याच तुरुंगांत आता संगणक आणि टॅब्लेटच आहेत, इंटरनेट नसलेले, आणि ते चांगलंच आहे कारण पानं फाडता येत नाहीत. "पण सर्चमध्ये टाईप काय करायचं? माणूस 'मला अन्याय झाला' असं टाईप करतो." मी चॅटबॉट काढला. त्यांनी २०२३ मधलं न्यूयॉर्कचं प्रकरण काढलं, ज्यात चॅटबॉटने रचलेले खोटे निकाल कोर्टात सादर केले म्हणून वकिलांना पाच हजार डॉलर दंड झाला. ऑफिस, इंटरनेट, पदवी सगळं असलेल्या वकिलांची ही गत. कोठडीतला माणूस ते कशावर तपासून बघणार?

मग मी बढाई मारली. आमच्या प्रॉडक्टचा सपोर्ट डेस्क आम्ही कमी केला, त्याजागी नॉलेज बेस आणि बॉट आणला, तिकिटं निम्म्यावर आली. माझं प्रमोशन यावरच झालं होतं. बाई शांतपणे म्हणाल्या, "तिकिटं कमी झाली, की प्रश्न?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही ते मोजलंच नव्हतं.

हे सगळं सातासमुद्रापलीकडचं वाटत असेल तर १९७८ चा होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा आपला खटला बघा. मुंबई उच्च न्यायालयाने कैद झालेल्या माणसाची शिक्षा वाढवली, आणि सर्वोच्च न्यायालयात यायला त्याला चार वर्षांहून जास्त उशीर झाला. कारण काय, तर निकालाची प्रत वेळेत हातात पडली नाही. न्यायालयाने त्याचं म्हणणं फेटाळलं, पण नियम घालून दिला: निकालाची प्रत कैद्याला फुकट आणि लगेच द्या, मिळाल्याची लेखी पोच घ्या, आणि वकील परवडत नसेल तर वकील द्या. आपण लायब्ररीऐवजी वकिलाचा रस्ता धरला, आणि तो तत्त्वतः चांगलाच आहे. पण २०२२ च्या सरकारी आकडेवारीनुसार भारतातल्या तुरुंगांत दर चारांतले सुमारे तीन जण कच्चे कैदी होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ म्हणतं की पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ काढला की, काही अपवाद सोडून, त्याला सोडावं. तसा अर्ज तुरुंग अधीक्षकाने करायचा. अधीक्षक विसरला तर? आत आल्याची तारीख त्या माणसाला पाठ असते, कलम मात्र पाठ नसतं. ते मराठीत, त्याच्या हातात, बोट ठेवून दाखवणारं कोणी तिथे हवं.

माझं मत एवढंच. ज्याला आपण कायद्याने कोंडतो, त्याला तो कायदा वाचता यायला हवा, आणि वाचता येण्यात पुस्तकाबरोबर ते उघडून देणारा माणूसही आला.

असो. कलम १९५०.५ चा उल्लेख करून पत्र टाकलं आणि नऊ दिवसांत डिपॉझिटचा चेक आला. 'इतर' सकट! हापिसात मी प्रस्ताव टाकलाय की बॉटच्या खाली "माणसाशी बोलायचंय" असं बटण परत आणावं. मॅनेजर म्हणाला, "याने तिकिटं वाढतील." मी म्हटलं, "हो, वाढतील." बघू काय होतं ते.