फिरायला जाताना कॅमेरा घ्या

"रोज सकाळी चालायला जा," हा सल्ला आम्ही डॉक्टर मंडळी सर्वांनाच देतो. बहुतेक जण तो दोन-तीन आठवडे पाळतात. मग पाहुणे, पाऊस, लग्नसराई अशी कारणे निघतात. खरे कारण मात्र कंटाळा हेच असते. त्याच चार इमारतींना रोज वळसा घालण्यात मन किती दिवस रमणार? म्हणून माझे स्पष्ट मत आहे की आठवड्यातून एक-दोनदा तरी गावाबाहेर शेतशिवारात जावे आणि फोटो काढावेत. खिशातला मोबाइल त्यासाठी पुरेसा आहे.

फोटोसाठी उत्तम उजेड सूर्योदयानंतरच्या तासाभरात मिळतो. सूर्य क्षितिजाजवळ असल्यामुळे किरण हवेच्या जास्त जाड थरातून येतात, निळा प्रकाश विखुरतो आणि ज्वारीच्या कणसांवर सोनेरी ऊन पडते. सकाळचा उजेड शरीरालाही हवाच असतो. डोळ्यांवाटे तो मेंदूतील जैविक घड्याळाला दिवस सुरू झाल्याची खूण देतो, त्यामुळे रात्री झोप वेळेवर यायला मदत होते. घरातल्या ट्यूबलाइटचा उजेड त्या मानाने फारच कमी पडतो.

पण फोटो काढत रेंगाळणे म्हणजे व्यायाम नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम हवा. म्हणून जाताना अर्धा तास न थांबता भरभर चाला. बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतका वेग ठेवा. फोटो परतताना काढा.

काही गोष्टी मात्र सांभाळा:

- इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांनी उपाशीपोटी जाऊ नये. खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे.
- पहाटे रक्तदाब वाढू लागतो आणि थंडीने रक्तवाहिन्या आकसतात. हृदयविकार असलेल्यांनी हिवाळ्यात ऊन पडल्यावरच निघावे. चालताना छाती भरून येत असेल तर फिरणे थांबवून आधी तपासणी करून घ्यावी.
- हिवाळ्यात शिवारावर तरंगणारे धुके फोटोत सुंदर दिसते, पण त्यात पुष्कळदा चुलीचा आणि पाचटाचा धूर असतो. थंड हवेमुळे तो जमिनीलगत साचून राहतो. दमेकऱ्यांनी अशा दिवशी घरीच थांबावे.
- गवतात घोणस किंवा फुरसे असू शकते. पायात बूट घाला आणि मोबाइलच्या पडद्याकडे बघत बांधावरून चालू नका.

महागडे स्मार्टवॉच तुम्ही किती पावले चाललात ते मोजते, पण उद्या पुन्हा अंथरुणातून उठावेसे वाटेल असे कारण देत नाही. काल कळी होती, आज फूल उमलले असेल, ही उत्सुकता ते कारण देते. पुढच्या तपासणीला याल तेव्हा रक्ताच्या रिपोर्टबरोबर दोन फोटोही दाखवा.