खटका

दिवाळीत दारव्ह्याला काकाजींकडे गेले होते. त्यांची जुनी हंड्रेड सीसी घेऊन यवतमाळला निघाले, तर चावीच नाही! हँडलखाली चक्क घरातल्या लाइटसारखा एक खटका. लॉक घासून गेलं, म्हणून मेकॅनिकने बसवून दिलेला. कूल ना? मलाही वाटलं. माझी चावी रोज पर्सच्या तळाशी गडप होते.

लगेच मेकॅनिकला गाठलं. म्हणाला, ‘अशा जुन्या गाडीत चावी बंद केली की सीडीआयची वायर बॉडीला लागते आणि ठिणगी थांबते. खटका तेवढंच करते. म्हणून ही वायर तुटली तर गाडी बंद पडत नाही, उलट बंदच होत नाही!’

‘माझ्याही गाडीला लावा की.’

‘नका लावू ताई. चावीसोबत हँडल लॉकही जाते. अन् गाडी चोरीला गेली की विमावाले दोन्ही चाव्या मागतात. काय दाखवाल, खटका?’

मग काकाजींना भीती नाही वाटत? विचारलं, तर ते हसले. ‘गाडी कोणं नेली, ते अख्ख्या गल्लीले मालूम असते.’

बॉस, मी गप्प. पुण्यात समोरच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं, हेसुद्धा मला माहीत नाही. परत आल्यावर दोन्ही चाव्या शोधून दारामागच्या खिळ्याला अडकवल्या. मग फराळाचा डबा घेतला आणि समोरची बेल वाजवली.