न बोलण्याचं दुखणं

हा विषय अंकात नको, घरात मुलंही अंक वाचतात, असं आपल्या संपादक मंडळातल्याच एका मैत्रिणीनं सुचवलं. पण इथे अमेरिकेत तीस वर्षं स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम केल्यावर मला वाटतं, 'नको' म्हणण्यानंच हे दुखणं वाढतं.

लग्नाला चार-पाच वर्षं झालेलं जोडपं 'मूल होत नाही' म्हणून येतं. तिकडून 'गोड बातमी कधी?' असे फोन चालूच असतात. तपासणीच्या टेबलावर ती बिचारी पाय घट्ट मिटून घेते आणि मग हळूच कळतं, की शरीरसंबंध एकदाही होऊ शकलेला नाही. याला व्हजायनिस्मस म्हणतात. योनीमार्गाभोवतीचे स्नायू आपोआप आवळले जातात. डोळ्यापाशी बोट आलं की पापणी मिटते, तसंच. ती हट्टी नसते, की नवरा तिला आवडत नाही असंही नसतं. 'थोडी वाईन घे, सैल हो' हा मैत्रिणींचा सल्ला मला मुळीच पटत नाही. आणि जबरदस्ती झाली, तर भीती पक्कीच होते.

अशा जोडप्यानं थेट वंध्यत्वाचं क्लिनिक गाठणं मला चुकीचं वाटतं. मूल कदाचित होईलही, पण हजारो डॉलर्स खर्चून मूळ दुखणं तिथेच राहतं. आधी जंतुसंसर्ग, त्वचेचा विकार असं काही कारण आहे का, ते पाहावं. मग पेल्व्हिक फ्लोअरची फिजिओथेरपी: स्नायू सैल सोडायला शिकणं, आणि लहानापासून मोठ्या आकाराचे डायलेटर तिनं स्वतःच्या हातानं, स्वतःच्या गतीनं वापरणं. सोबत दोघांचं समुपदेशन. महिने लागतात, पण पुष्कळजणींना गुण येतो. काही ठिकाणी बोटॉक्सही देतात. त्याला या आजारासाठी एफ्.डी.ए.ची मान्यता नाही, तेव्हा इन्शुरन्सवर भिस्त ठेवू नये.

फिजिओथेरपीच्या किती भेटींचे पैसे मिळतील, रेफरल लागेल का, हे कंपनीला आधीच फोन करून विचारा. पॉलिसी वडिलांच्या नावावर असेल, तर हिशेबाचं पत्र त्यांच्या हाती पडतं. ते वेगळ्या पत्त्यावर पाठवण्याची विनंती करता येते.

तपासणीच्या धास्तीनं पॅप टेस्ट टाळणाऱ्याही आहेत. 2024 साली एफ्.डी.ए.नं एच्.पी.व्ही.चा नमुना दवाखान्यात स्वतःच घ्यायला मान्यता दिली, त्याची चौकशी करा.

इंग्रजीची अडचण असेल तर दुभाषी मागा, नणंदेला नेऊ नका! नवऱ्यानं मात्र बरोबर जावं, आणि ती म्हणाली तर बाहेर बसावं.