ठेव आहे, पासबुक कुठे?

ग्रीसमधल्या डेलॉस बेटावरचे नगर आणि अपोलोचे मंदिर पाहायला आपण हौसेने जातो. पण ग्रीक भाषेतल्या ‘पेरिप्लस’ने ज्याची बंदर म्हणून नोंद केली, ते शूर्पारक, म्हणजे नालासोपारा, आम्हा भाईंदरकरांपासून तिसऱ्याच स्टेशनावर! निवृत्तीनंतर नातवाला घेऊन मी तिथला स्तूप प्रथम पाहिला. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींना तिथे दगडी पेटीत आठ कांस्यमूर्ती सापडल्या. “आजोबा, त्या कुठे आहेत?” मुंबईला, एशियाटिक सोसायटीकडे. ठेव सुरक्षित आहे. पण बँकेत हयात घालवलेला मी विचारतो, खातेदाराला ठेवीचा पत्ताच नसेल तर ती कुणाची? मूर्ती खुशाल मुंबईत राहोत. त्यांची ओळख मात्र इथल्या प्रत्येक शाळेत पोचायला हवी.